जोर किती लावायचा?

सिद्धेश्वर धरणाच्या आसपासच्या गावांत उभ्या असलेल्या मोटारींचे नंबर वाचत गेलं तर त्यांचा पूर्वेतिहास कळतो. एमएच ३८ म्हणजे हिंगोली पासिंग. एमएच २२ म्हणजे परभणी. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ ला परभणीतून वेगळा निघाला, पण सोयरिकी आणि गाड्यांचे सौदे अजून तिकडेही होतात. एमएच १२ किंवा १४ दिसला की समजायचं, पुण्या-पिंपरीत कुणाच्या तरी नोकरीच्या काळात दहा-बारा वर्षं पळून ही गाडी आता इकडे नांदायला आली आहे. मारुती ८००, ओम्नी, अल्टो, इंडिका, बोलेरो, टाटा एस. नवी कोरी गाडी घेणारेही आहेत, पण थोडे. आणि जुनी गाडी म्हटली की काही ना काही निघत राहणारच.

कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जायचं तर हिंगोली, परभणी नाहीतर नांदेड गाठायचं. दिवस मोडतो, डिझेल जातं आणि बिल येतं ते वेगळंच. जवळचा मिस्त्री सोयाबीनच्या काढणीत ट्रॅक्टर आणि मळणी यंत्र सोडून मोटारीकडे बघायला मोकळा नसतो. हळद शिजवायच्या दिवसांत तर गाडीचा मालकच मोकळा नसतो. म्हणून इथला गाडीवाला हळूहळू स्वतःच बोनेट उघडायला लागतो. आधी ऑईल, मग प्लग, मग रेडिएटर, मग ब्रेक. चुकाही त्याच क्रमाने महाग होत जातात. ऑईलची चूक शे-पाचशेत निभते, प्लगची काही हजारांत जाते आणि ब्रेकच्या चुकीची किंमत पैशात मोजता येत नाही.

अंगणात, शेतातल्या आखाड्यावर, लिंबाच्या सावलीत चाललेली ही दुरुस्ती बघत बसण्याची मला सवय आहे. बघून बघून एक गोष्ट पटली. काही चुका स्वतः करून शिकायच्या असतात आणि काही फक्त दुसऱ्याच्या बघून. या दोन याद्या वेगळ्या ठेवता येणं, हाच या कामातला पहिला धडा.

बिडावर घडलेले हात

शहरातला नवशिका गाडीला हात लावायला घाबरतो. इथला घाबरत नाही, आणि त्याची चूक तिथूनच सुरू होते. मराठवाड्यातल्या शेतकरी घरात विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून चालू केलेला एक तरी माणूस निघतो. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली, १९४६ मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑईल इंजिन्स ही कंपनी उभी राहिली आणि पुढच्या काही दशकांत ही इंजिनं गावोगावच्या विहिरींवर पोचली. पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी आणि खाली सिद्धेश्वर अशी दोन धरणं झाली, कालवे निघाले. पण ज्यांची जमीन कालव्याच्या चढाला राहिली त्यांचं पाणी विहिरीतूनच यायचं. इंजिनाने एअर घेतली म्हणजे काय, ती कशी काढायची, नोझल मारतंय की नुसतं टपकतंय हे कानाने कसं ओळखायचं, हे त्या इंजिनानेच माणसांना शिकवलं. आता विहिरीवर विजेची मोटार आहे. इंजिन गेलं, पण हातातली सवय घरात राहिली.

ते इंजिन बिडाचं होतं. ट्रॅक्टरचे बोल्ट जाड, पाने लांब, आणि ‘कच्चं राहायला नको’ म्हणून पान्यात पाईप घालून शेवटचा हिसका द्यायची रीत. तीच रीत घेऊन माणूस मोटारीकडे येतो. मारुती ८०० आणि ओम्नीच्या इंजिनाचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं. अल्टो के१० मध्ये आलेल्या के-सीरिज इंजिनाचा तर ब्लॉकही अ‍ॅल्युमिनियमचा. त्यात बसणाऱ्या स्पार्क प्लगला साधारण २५ न्यूटन मीटरचा आवळा पुरतो. म्हणजे वीतभर पान्याच्या टोकाला दहा-अकरा किलोचं वजन टांगलं तर जेवढा ताण पडेल तेवढाच. पाईप घालून अडीच फुटांवर चाळीस किलोचा जोर दिला की हाच आकडा ३०० च्या घरात जातो. बारा पट.

आटे जातात ते हाताला कळतं, फक्त कळून उपयोग नसतो. आवळताना पाना जड होत जातो, आणखी जड होतो, आणि मग एकाएकी हलका पडतो. नवशिक्याला वाटतं, बसला. जाणत्याला कळतं, आटे गेले. मग हेड उतरवून परभणी-हिंगोलीच्या लेथवर न्यायचं, भोक मोठं करायचं, नवे आटे पाडून आत बुश बसवायचा. शंभर-दीडशेचा प्लग बदलायला निघालेला माणूस असा काही हजारांना उतरतो.

आडवे आटे बसणं ही याच घरातली दुसरी चूक. प्लगचं भोक खोल असतं, आत दिसत नाही. प्लग वाकडा लागतो आणि पान्याच्या जोरावर वाकडाच आत जातो. यावर इथल्या एका टेम्पोवाल्याकडे पाहिलेला उपाय सगळ्यांनी उचलावा असा आहे. पेट्रोलच्या रबरी नळीचा वीतभर तुकडा प्लगच्या डोक्यावर चढवायचा आणि नळी बोटांनी फिरवत प्लग आत सोडायचा. आटे सरळ लागले तर प्लग सुरसुर उतरतो. वाकडे लागले तर नळी प्लगवर नुसतीच फिरते. आटे मोडण्याएवढा जोर तिच्यातून पोचतच नाही. पाना त्यानंतर, शेवटच्या पाव-अर्ध्या फेऱ्यापुरता. आणि इंजिन गार असताना. गरम अ‍ॅल्युमिनियममधून प्लग ओढून काढला तर आटे त्याच्यासोबत बाहेर येतात.

दोन पॅकिंगं

ऑईल बदलणं हे सगळ्यात सोपं काम मानलं जातं. एका दूधवाल्या तरुणाच्या ओम्नीचं ऑईल बदलणं मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत पाहिलं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. सीट उचलली की समोर. गाडी त्याने थोडा वेळ चालवून आणली होती, कारण कोमट ऑईल पातळ होतं आणि गाळासकट खाली येतं. एवढं त्याला माहीत होतं. खाली घमेलं लावलं, चेंबरचा नट सोडला. काळं ऑईल जाड धारेने आलं, मग सुतासारखं बारीक झालं, मग थेंब-थेंब. नटाखालचा वायसर त्याने पुसून पाहिला आणि नवा टाकला. इथवर सगळं चोख.

फिल्टर मात्र हलेना. मागच्या वेळी कुणीतरी पान्याने आवळलेला. शेवटी त्यात पेचकस आरपार ठोकला आणि त्याच्या आधाराने फिरवून काढला. नवा फिल्टर लावला, हातानेच आवळला, वरून ऑईल ओतलं, गाडी चालू केली. डॅशबोर्डवरचा लाल दिवा विझला. तो समाधानाने हात पुसायला लागला.

बाजूला बाजेवर बसलेल्या त्याच्या आजोबांचं लक्ष दिव्याकडे नव्हतं, जमिनीकडे होतं. गाडीखालच्या मातीवर काळा डाग पसरत होता.

“आरं, बंद कर आधी! बंद कर!”

गाडी बंद झाली. नातू म्हणाला, “आबा, फिल्टर नवाच हाय.”

“नवाच हाय रं. जुन्याची पॅकिंग कुठंय ते बग.”

त्याने टाकून दिलेला जुना फिल्टर उचलला. तोंडाशी रबरी कडं बसण्याची खाच असते. ती रिकामी होती. कडं इंजिनालाच चिकटून राहिलं होतं आणि त्याच्यावर नव्या फिल्टरचं नवं कडं बसलं होतं. दोन रबरं एकमेकांवर टिकत नाहीत. इंजिन फिरायला लागलं की ऑईलचा पंप काही किलोचा दाब देतो आणि रबर बाजूला सरकून ऑईल बाहेर पडतं. आजोबांनी पाच मिनिटं उशीर केला असता आणि नातू तसाच दूध घालायला निघाला असता, तर चेंबर रस्त्यावर रिकामं होऊन इंजिन जाम झालं असतं. सांडलं ते लिटर-दीड लिटर.

ही चूक जगभरच्या नवशिक्यांची आहे, आणि तिच्यावरचा उपाय फुकट आहे. जुना फिल्टर काढला की आधी त्याचं तोंड बघायचं. कडं त्याच्यावर आहे की नाही, याची खात्री बोट फिरवून करायची. नव्या कड्याला ऑईलचं बोट लावायचं, म्हणजे ते पुढच्या वेळी चिकटणार नाही. कडं टेकल्यावर हातानेच पाऊण फेरा, बस. पान्याने आवळलेला फिल्टर हा पुढच्या माणसाला दिलेला त्रास असतो, आणि घरगुती दुरुस्तीत पुढचा माणूस बहुतेक वेळा आपणच असतो.

त्याच तरुणाने नंतर डिप स्टिक पाहिली तेव्हा ऑईल खुणेच्या वर दिसलं आणि तो बुचकळ्यात पडला. अंगण उताराचं होतं. गाडी सपाट जागी घेऊन, इंजिन बंद केल्यावर पाच-दहा मिनिटं थांबून पाहिलं तेव्हा खरी पातळी कळली. ऑईल कमी पडलं तर इंजिन घासतं, हे सगळ्यांना ठाऊक असतं. जास्त झालं तर क्रँक ते घुसळतो, फेस होतो, आणि फेसाने वंगण होत नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. ‘दोन घोट जास्तच घाल’ हा प्रेमळ सल्ला इंजिनाला लागू नाही.

राहिलं ते घमेल्यातलं काळं ऑईल. वाळवी लागू नये म्हणून इथे ते लाकडाला लावतात, गेटच्या बिजागरीला घालतात. उरलेलं मात्र चारीत, नाल्यात ओतलं जातं. धरणाच्या काठी राहणाऱ्या माणसाने हे करू नये. जुन्या कॅनमध्ये भरून ठेवलं तर जुनं ऑईल विकत घेणारे तालुक्याच्या गावी भेटतात.

दहाचा पाना आणि फ्यूज

विजेच्या कामात चूक क्षणात होते. बॅटरीचा नट सोडायला दहाचा पाना लागतो. नवशिका आधी हाताशी येईल ती वायर सोडतो, बहुधा लाल. मोटारीची सगळी बॉडी अर्थला, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हला जोडलेली असते. लाल टोकावर असलेल्या पान्याचं दुसरं टोक बोनेटला किंवा कुठल्याही पत्र्याला टेकलं की सरळ शॉर्ट. ठिणगी उडते, पाना चिकटतो, तापून लाल होतो. बोटात अंगठी असेल तर तिचंही तेच. बॅटरीजवळ हायड्रोजन साचलेला असला तर बॅटरी फुटूही शकते. म्हणून काढताना काळी वायर आधी, जोडताना काळी शेवटी. काळी सुटलेली असली की लालवरचा पाना पत्र्याला कुठेही टेकला तरी काही होत नाही. नियम पाठ करण्यापेक्षा हे कारण लक्षात ठेवलं तर क्रम कधीच चुकत नाही.

फ्यूजची गोष्ट हळू घडते, म्हणून जास्त फसवते. आखाड्यावर उभ्या गाडीत उंदीर शिरतात आणि वायरीवरचं प्लॅस्टिक कुरतडतात. उघडी तार पत्र्याला लागते, फ्यूज उडतो. मालक नवा फ्यूज लावतो, तोही उडतो. मग तो ‘मोठा’ लावतो. पंधरा अँपियरच्या निळ्या फ्यूजच्या जागी तीस अँपियरचा हिरवा बसलेला मी पाहिला आहे. काही गाड्यांत फ्यूजऐवजी तांब्याची तार आणि सिगारेटच्या पाकिटातली चांदीही. दिवे लागतात, मालक खूश होतो. पण फ्यूज जळत होता तो वायर वाचवण्यासाठी. आता फ्यूज जळणार नाही, वायर जळेल. दुसरा फ्यूज उडाला की तिसरा शोधायचा नसतो, कुरतडलेली वायर शोधायची असते.

बोअरचं पाणी

एप्रिल-मे मध्ये इकडचा पारा चाळीसच्या वर असतो आणि गाड्या तापतात. रेडिएटरमध्ये पाणी कमी झालं की हाताशी असतं ते ओतायचं, आणि हाताशी असतं बोअरचं. या पाण्यात क्षार भरपूर. चहाच्या पातेल्याला पांढरा थर धरणारं पाणी रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही तोच थर धरतं. दोन-तीन उन्हाळ्यांत नळ्या अरुंद होतात आणि गाडी आणखी तापते. मग मालक आणखी पाणी घालतो.

दुसरी पायरी म्हणून कुणीतरी थर्मोस्टॅट काढून टाकायला सांगतं. थर्मोस्टॅट हा झडपेचा छोटा भाग. पाणी साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान तापलं की उघडतो आणि तोवर इंजिनाला लवकर गरम होऊ देतो. तो काढल्यावर उन्हाळ्यात काही दिवस बरं वाटतं. हिवाळ्यात इंजिन नीट तापत नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि नळ्यांतला थर आहे तिथेच राहतो. खरा उपाय कंटाळवाणा आहे: रेडिएटर साफ करून घ्यायचा आणि कूलंट घालायचं; ते पातळ करायला बॅटरीत घालतात ते शुद्ध पाणी वापरायचं. इन्व्हर्टरसाठी ते किराणा दुकानातही मिळतं.

तापलेल्या गाडीची कॅप उघडणं ही मात्र पहिल्या यादीतली चूक नाही. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो. तो दाब आहे. त्या दाबाखाली पाणी शंभर अंशांना उकळत नाही, ११८-१२० पर्यंत जाऊनही पाणीच राहतं. कॅप फिरवली की दाब जातो आणि ते सगळं पाणी त्याच क्षणी उकळून तोंडावर येतं. अर्धा तास थांबायचं. रस्त्यात, उन्हात, लेकरं गाडीत असताना अर्धा तास थांबणं अवघड जातं, आणि भाजलेले बहुतेक लोक या अर्ध्या तासातच भाजलेले असतात.

उरलेला नट

खोलणं कुणालाही जमतं. बसवताना नट उरतो तेव्हा खरी परीक्षा. ‘कंपनीने जास्तच लावला होता’ हा विनोद प्रत्येक गॅरेजात होतो, पण नट कधीच जास्त नसतो.

या भागातल्या एका बोलेरोवाल्याने यावर स्वतःची पद्धत बसवली आहे. तो अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे घेऊन बसतो. पहिला निघालेला नट पहिल्या खाचेत, दुसरा दुसऱ्या. बसवताना शेवटच्या खाचेपासून उलट यायचं. वायर किंवा नळी काढण्यापूर्वी मोबाईलवर फोटो. प्लगच्या वायरी एकेक करून बदलायच्या, सगळ्या एकदम उपटायच्या नाहीत. कारण मारुती ८०० किंवा ओम्नीच्या तीन सिलिंडरांचा क्रम १-३-२ आहे, आणि दोन वायरींची अदलाबदल झाली की इंजिन खोकतं, धडधडतं, नाहीतर चालूच होत नाही.

याहून मोठी चूक हाताची नसते, विचाराची असते. गाडी झटके देते. मालक एकाच दुपारी प्लग बदलतो, एअर फिल्टर बदलतो, पेट्रोलचा फिल्टर बदलतो. गाडी बरी झाली तर कशाने झाली ते कळत नाही; बिघडली तरी कशाने ते कळत नाही. पैसे तिन्हींचे गेले, शिकणं एकाचंही झालं नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी फिरवून आणायची, मग पुढची. दवाखान्यात पाच गोळ्या एकदम सुरू केल्यावर कुठली लागू पडली हे जसं सांगता येत नाही, तसंच हे. काय केलं, किती किलोमीटरला केलं, कुठला पार्ट टाकला हे एका वहीत लिहून ठेवणाऱ्यांची गाडी पुढच्या मालकाकडे चांगल्या भावात जाते, हा वहीचा वरकड फायदा.

ज्या चुकांना दुसरी संधी नाही

आता दुसरी यादी. ती छोटी आहे.

पहिला जॅक. सिद्धेश्वरच्या परिसरातली काळी माती पावसात चिखल होते आणि उन्हाळ्यात भेगाळते. दोन्ही वेळा तिच्यावर जॅक टिकत नाही. वरून टणक दिसणाऱ्या जमिनीत जॅकचं बूड चाकाचा नट सोडता सोडता तिरकं होतं. खाली जाड फळी हवी, समोरच्या चाकाला पुढून-मागून दगड हवा, हँडब्रेक ओढलेला हवा. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा फेरा सैल करायचे, उचलल्यावर हिसके द्यायचे नाहीत. परत लावताना नटाची निमुळती बाजू आत, आवळा समोरासमोर, आणि शे-दीडशे किलोमीटरनंतर पुन्हा एकदा पाना. आणि जॅकवरच्या गाडीखाली जायचं नाही. ऑईलचा नट काढायला, नुसतं डोकावायला, मोबाईलचा उजेड पाडायलासुद्धा नाही. गाडीखाली जायचं तर पक्का स्टँड किंवा खड्डा. विटांची चळतही चालत नाही. भाजकी वीट वजनाखाली पूर्वसूचना न देता फुटते.

दुसरा ब्रेक. पुढचे ब्रेक पॅड बदलताना पिस्टन मागे दाबावा लागतो. नवे पॅड बसतात, चाक बसतं, सगळं छान दिसतं. पण पिस्टन मागे असतो, पॅड डिस्कला टेकलेले नसतात. एका ओळखीच्या घरी हे काम झाल्यावर मालकाने उत्साहात गाडी चालू करून रिव्हर्स टाकली. पहिल्यांदा ब्रेक दाबला तो तळापर्यंत गेला, दुसऱ्यांदाही. गाडी गोठ्याच्या कुडाला जाऊन थांबली. म्हैस दावणीला नव्हती, पोरं शाळेत होती. नुकसान मागच्या दिव्याचं झालं. पॅड बसवल्यावर गाडी सुरू करण्याआधी ब्रेकचं पेडल कडक लागेपर्यंत दाबत राहायचं, एवढंच करायचं राहिलं होतं. ब्रेक ऑईलच्या टाकीवर लिहिलेलं डॉट ३ किंवा डॉट ४ तेच घालायचं. इंजिन ऑईलचा एक घोट त्यात गेला तरी आतली रबरी सीलं फुगतात आणि ब्रेक जातो. ब्रेक ऑईल हवेतलं पाणी शोषतं, म्हणून वर्षानुवर्षं उघडलेल्या डब्यातलंही नको.

तिसरी गोष्ट विहिरीवरच्या वारशाची. जुन्या डिझेल इंजिनाने एअर घेतली की नोझलच्या पाईपचा नट सैल करायचा, इंजिन फिरवायचं, बुडबुडे जाऊन सलग डिझेल यायला लागलं की नट आवळायचा. आजोबांनी हे शेकडो वेळा केलेलं. नव्या बोलेरोसारख्या कॉमन रेल इंजिनात हेच करणं जिवावर बेतू शकतं. तिथे पाईपमधला दाब हजार बारच्या वर जातो. मोटारीच्या टायरमध्ये तो दोन-सव्वादोन असतो. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत शिरते. बाहेर टाचणीएवढा ठिपका दिसतो आणि आत डिझेल पसरलेलं असतं. हात वाचवायला तातडीची शस्त्रक्रिया लागते. अशा गाडीची हवा फिल्टरजवळच्या हातपंपाने काढायची, पुढच्या नटांना हात लावायचा नाही. इथे अनुभवी माणूस नवशिक्यापेक्षा धोक्यात असतो, कारण त्याला येत असतं.

आणि पावसात काम आत घेतलं म्हणून पत्र्याच्या बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवायचं नाही. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो.

पान्याची हद्द

१ एप्रिल २०२० पासून बीएस ६ गाड्या आल्या आणि सेन्सरांची संख्या वाढली. काही डिझेल गाड्यांना युरियाचं पाणी घालायची वेगळी टाकी असते, निळ्या झाकणाची. ते चुकून डिझेलच्या टाकीत गेलं तर गाडी चालू न करता टाकी रिकामी करणं एवढंच हातात राहतं. चेक इंजिनचा दिवा लागला की वायर उपटून तो विझवणारे आहेत. त्यापेक्षा स्वस्त स्कॅनर ओबीडी सॉकेटला लावून कोड वाचावा आणि तो मिस्त्रीला सांगावा. गाडीत मूलभूत बदल करण्याला मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ ची आडकाठी आहे, आणि पंधरा वर्षांनी खासगी गाडीची नोंदणी वाढवायला आरटीओत फिटनेसला उभं राहावंच लागतं.

पण हद्द आहे म्हणून हात आखडून बसायचं कारण नाही. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून, किक मारून चालू होणारी छोटी जीप बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी ती पाहिली, ती नियमांत बसत नसल्याचं सांगूनही तिचं कौतुक केलं आणि जानेवारी २०२२ मध्ये तिच्या बदल्यात त्यांना बोलेरो दिली. कौतुक झालं ते कौशल्याचं. रस्त्यावर चालवायला मिळाली ती कंपनीची गाडी. दोन्ही गोष्टी बरोबरच होत्या.

ज्यांना स्वतःच्या गाडीला हात घालायचा आहे, त्यांनी सुरुवात ऑईल, एअर फिल्टर, प्लग आणि बॅटरीपासून करावी. पाईप घरी ठेवावा. आधी बोटांनी, मग पान्याने, आणि पाना जड लागायला लागला की थांबावं. नट अडला तर जोर वाढवण्याआधी गंजावर तेल सोडून चहा पिऊन यावं. आटे जातील, ऑईल सांडेल, एखादा नट उरेल. त्यातून शिकणं परवडतं. ब्रेकला पहिल्यांदा हात लावताना मात्र शेजारी जाणता माणूस बसवा, आणि काम झाल्यावर गाडी सपाट, मोकळ्या जागेत माणसाच्या चालीने फिरवून बघितल्याशिवाय घरच्यांना तिच्यात बसवू नका.